5 किमीच्या दौडीत नाव द्यायचं आहे, पण हिंमत होत नाही. नऊ आठवडे पुरतील का?

प्रश्न : सरकी36

जिल्हा यवतमाळ, गाव तालुक्यापासून 11 किमी आत. वय 36. तालुक्याच्या ठिकाणी 26 जानेवारीला 5 किमीची दौड आहे, महिलांचा गट वेगळा आहे, नाव द्यायची शेवटची तारीख 10 जानेवारी. आजपासून मोजले तर बरोबर नऊ आठवडे हातात आहेत. शाळा सुटल्यापासून धावणं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आठ-आठ तास वाकून काम होतं, म्हणजे अंगात ताकद नाही असं म्हणता येणार नाही. पण धावायला गेलं की शे-दीडशे मीटरमध्ये दम लागतो, छाती धडधडते आणि वाटतं, हे आपलं काम नव्हे.

मनात जे आहे ते सरळ लिहिते, म्हणजे उत्तरही सरळ मिळेल. शेवटची आले तर? मधेच थांबून सगळ्यांदेखत चालत यावं लागलं तर बाद करतात का? आमच्या रस्त्यावर पोलीस भरतीचे पोट्टे रोज सकाळी धावतात, त्यांच्यासमोर धावायचं कसं? उकिडवं बसून उठताना उजवा गुडघा कटकट वाजतो, तो बिघडेल का? सराव कुठे करायचा, किती वाजता, कोणत्या कपड्यांत?

"हिंमत करा, जमेल" असं कृपया लिहू नका. किती, कसं आणि काय चुकतं ते सांगा.

उत्तर : मुरूम_रस्ता

ताई, शे-दीडशे मीटरमध्ये दम लागतो याचं कारण वेग आहे. मोठी माणसं पुन्हा धावायला लागतात तेव्हा पायात शाळेतल्या 100 मीटरच्या शर्यतीचा वेग असतो, कारण शरीराला धावण्याची तेवढीच आठवण असते. त्या वेगाला स्नायूंना जेवढा ऑक्सिजन लागतो तेवढा हृदय आणि फुफ्फुसं पोचवू शकत नाहीत, म्हणून मिनिटाभरात श्वास तुटतो. रोज सराव करणाऱ्या माणसाचंही तसंच होतं, त्याचा वेग तेवढा वर असतो इतकंच.

तुमचा वेग ओळखायची खूण अशी: धावताना एक अख्खं वाक्य, समजा "बाजारातून मीठ, तेल आणि साबण आणायचा आहे", न अडखळता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटला तर वेग जास्त आहे. सुरुवातीला हा वेग इतका कमी निघतो की शेजारून झपाझप चालणारी बाई बरोबरीनं येईल. येऊ द्या. पावलं छोटी ठेवा, पाय कमरेच्या खालीच पडू द्या. पाऊल लांब टाकलं की टाच आपटते आणि तो हिसका नडगीला आणि गुडघ्याला बसतो.

आता हिशेब. झपाझप चालणं म्हणजे मिनिटाला साधारण 95 मीटर. असं हळू धावणं म्हणजे मिनिटाला 125 मीटर. पूर्ण 5 किमी नुसतं चाललात तर 53 मिनिटं लागतात. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं शेवटपर्यंत केलंत तर दर तीन मिनिटांत 315 मीटर होतात, म्हणजे 48 मिनिटं. चार मिनिटं धावून एक मिनिट चाललात तर 42. एकदाही न थांबता धावलात तर 40. म्हणजे चार मिनिटांनी एकदा चालणारी आणि अजिबात न चालणारी यांच्यात दोन मिनिटांचं अंतर आहे. मधे चालावं लागण्याची जी भीती वाटते आहे, तिच्यापायी जाणारा वेळ एवढाच.

म्हणून पहिल्या दिवशी धावूच नका. 5 किमी मोजलेला रस्ता घ्या आणि जमेल तितकं झपाझप चालून वेळ लिहून ठेवा. अंतर मोजायला रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड पुरतात. डोकं हिरवं असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता. बऱ्याच रस्त्यांवर मधे 200 मीटरचे छोटे दगडही असतात. दगड उखडले असतील तर मोटारसायकलच्या मीटरवर जाताना 2.5 किमी धरा आणि तिथल्या झाडाला खूण करा. वेळ 60 मिनिटांच्या आत आली तर त्याच आठवड्यात नाव देऊन टाका, 10 जानेवारीची वाट पाहू नका. नाव न देता सराव सुरू केला की दर आठवड्याला माघार घ्यायचं नवं कारण सापडतं: कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी वेचणी. नाव दिलेलं असलं म्हणजे त्याच अडचणींतून वाट काढली जाते.

सराव आठवड्यातून तीनच दिवस, मधे किमान एक दिवस मोकळा. दर वेळी आधी 7 मिनिटं चालणं, शेवटी 5 मिनिटं चालणं.

पहिला आठवडा: 1 मिनिट धाव, 2 मिनिटं चाल, असे 8 फेरे.
दुसरा: 2 धाव, 2 चाल, 6 फेरे.
तिसरा: 3 धाव, 2 चाल, 5 फेरे.
चौथा: मागे यायचं. 2 धाव, 2 चाल, 5 फेरे.
पाचवा: 4 धाव, 2 चाल, 4 फेरे.
सहावा: 5 धाव, 2 चाल, 4 फेरे.
सातवा: 4 धाव, 1 चाल, 6 फेरे. त्यातला एक दिवस याच तालावर पूर्ण 5 किमी.
आठवा: 6 धाव, 1 चाल, 4 फेरे.
नववा: एक दिवस 4-1 चे चार फेरे, एक दिवस दोनच फेरे, मग दौडीआधीचे दोन दिवस पूर्ण आराम.

चौथा आठवडा गाळू नका. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, पण नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर त्या गतीनं तयार होत नाही. नेमका तेव्हाच अंगात हुरूप आलेला असतो, म्हणून लोक दुप्पट धावतात आणि पाचव्या आठवड्यात नडगी धरून बसतात. एखादा आठवडा झेपला नाही तर तोच पुन्हा करा आणि आठवा सोडून द्या. चुकलेले दिवस शेवटच्या आठवड्यात भरून काढायला मात्र जाऊ नका, थकलेले पाय घेऊन दौडीला उभं राहावं लागतं.

वेचणीबद्दल एक. दिवसभर वाकून, कमरेला बांधलेली कापसाची ओटी ओढल्यावर संध्याकाळी धावू नका. मांडीचा मागचा भाग आणि कंबर आधीच ताणलेली असते. सकाळीच करा, आणि तीनपैकी मोठा दिवस बाजाराचा ठेवा, त्या दिवशी वावरातलं काम बंद असेल तर.

उत्तर : पहाट_1600

ताई, भरतीच्या पोट्ट्याईले भिऊ नोका. त्याईचं मैदान 50 मार्काचं रायते: 1600 मीटरले 20, शंभर मीटरले 15, गोळ्याले 15. पोरीईले 1600 च्या जागी 800 मीटर. सेकंदा-सेकंदावर मार्क तुटते, मनून ते तसे जीव तोडून पळतात अन् सारं ध्यान घड्याळात रायते. रोडनं कोन चाल्लं, कोन धावून रायलं, हे पाहाले त्याईले सवड नसते. फक्त त्याईचं पाहून तसा सराव करू नोका. ते 1600 मीटरचं काम हाये, पाच-सात मिनटात खतम. तुमचं काम पाऊन तासाचं हाये.

रोडचं सांगतो. पांदनीनं धावाचं नाही. पावसाळ्यात बंडीच्या अन् ट्रॅक्टरच्या चाकानं पडलेल्या चाकोऱ्या आता वाळून दगडावानी झाल्या, त्यात घोटा मुरगळते. अन् बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार येते. डांबरी रोडची कड उतरती रायते, रोज तिथूनच धावलं की एका गुडघ्यावर जास्त जोर येते. सगळ्यात चांगला मुरमाचा सपाट रोड, नाही तं जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगन. पटांगनात दर दुसऱ्या फेऱ्यानंतर उलटं फिरा, एकाच बाजूनं वळून वळून घोटा दुखते.

डांबरीवरूनच जा लागत असन तर उजव्या बाजूनं धावा, म्हंजे गाडी समोरून दिसते. या दिवसात कापसाच्या गाड्या जिनिंगवर पहाटेच निंगतात. माल दोन्हीकून बाहेर आलेला रायते अन् ड्रायव्हरले कडेचं मानूस दिसत नाही. गाडी आली का खाली उतरून उभं राहा, तेवढे दहा सेकंद गेले तर जाऊ द्या. कानात हेडफोन नको. अंगात पांढरं नाही तं पिवळं काहीतरी पाह्यजे.

टाइम: डिसेंबरात सव्वासहाले तोंड दिसाइतका उजेड पडते, दिवस पावने सातच्या आसपास निंगते. सव्वासहाच्या अगुदर निंगू नोका. टिपेश्वर, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला या पट्ट्यातलं गाव असन, नाही तं रोडले झुडपी जंगल लागून असन, तर चांगलं उजाडल्यावरच, अन् एकटं नाही. वाघाचं सोडा, रानडुक्कर तुरीतून कधी रोडवर येईन सांगता येत नाही.

कुत्रं मांगं लागलं तर पहिले धावनं बंद. पळनाऱ्याच्या मांगंच ते लागते. उभं राहा, डोळ्यात पाहू नोका, हळूहळू चालत निंगा. चावलंच तर जखम वाहत्या पान्याखाली साबन लावून 15 मिनटं धुवा अन् त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्या. हळद, चुना, तिखट काही भरू नोका.

अन् तुरीवर फवारनी चालू असन तर तो धुरा (वावराचा बांध) सोडून दुसऱ्या रोडनं जा. धावताना श्वास कितीतरी पट रायते, औषध तेवढंच जास्त आत जाते.

उत्तर : उपकेंद्र_ताई

वरच्या दोघांनी वेगाचं आणि रस्त्याचं बरोबर सांगितलं. पण छाती धडधडते हे वाक्य मी तसंच सोडणार नाही. वेग कमी करूनही धडधड आणि दम राहिला तर आधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे "माझा दमच कमी" असं वर्षानुवर्षं समजणाऱ्या कितीतरी बायकांचा दम कमी नसतो, रक्त कमी असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. स्त्रियांसाठी 12 च्या खाली म्हणजे कमी. 11-12 असेल तर गोळ्या आणि सराव दोन्ही बरोबर चालतं. 11 च्या खाली असेल तर आधी डॉक्टर आणि औषध, तोपर्यंत नुसतं चालणं. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नका, चहा ते लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. महिनाभरात साधारण एक ग्रॅमची वाढ दिसायला हवी. वावरात अनवाणी काम असेल तर जंताच्या गोळीचंही विचारा, पायाच्या कातडीतून शिरणारा अंकुशकृमी आतड्यात रक्त शोषतो आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी मग फरक पडत नाही.

दुसरी तपासणी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची. विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे आणि वाहक असलेल्याला स्वतःला काहीच त्रास नसतो, त्यामुळे माहीतही नसतं. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, तुम्ही त्यात बसता. वाहक निघालात तरी दौड बंद होत नाही. वर सांगितलेला सावकाश चढत जाणारा सराव त्यांच्यासाठीच सगळ्यात योग्य आहे. त्यांनी टाळायचं ते एकदम जोर लावून पळणं, तहानलेलं असताना धावणं आणि उन्हात धावणं. अशा वेळी तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवतात. पायात गोळा न येता मांड्या एकदम ढिल्या आणि दुखऱ्या झाल्या तर तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं आणि दवाखाना गाठायचा. सिकलसेलग्रस्त असाल तर मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय धावायचं नाही.

गुडघा नुसता वाजत असेल, दुखत नसेल, सुजत नसेल, तर तो आवाज धोक्याचा नाही. दुखणं मोजायची सोपी रीत: धावल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखल्या तर ते कामाचं दुखणं, दोन दिवसांत जातं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं, 48 तासांनंतरही राहिलं, सूज आली किंवा लंगडावं लागलं, तर धावणं थांबवा, चालणं दुखत नसेल तर चालू ठेवा. गुडघ्यासाठी रोजचं एक काम: पाटावर किंवा पायरीवर एक पाय ठेवून वर चढायचं, सावकाश खाली उतरायचं, दर पायानं 10 वेळा, दोन फेरे. उतरताना घाई केली की उपयोग जातो.

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांसमोर अंधारी, यातलं काहीही आलं तर त्या दिवशीचं धावणं संपलं आणि दवाखाना. इथे हिंमत दाखवायची नाही.

उत्तर : तिघी_सोबत

कपडे आणि बूट राहिले, आणि लोकांचंही.

आधी लोकांचं. पहिल्याच दिवशी धावत निघालात तर सगळं गाव विचारणार, काय झालं, कुठं निघाली. त्याऐवजी पहिले चार-पाच दिवस त्याच रस्त्यावर, त्याच वेळी नुसतं चाला. लोकांच्या नजरेला ते रोजचं झालं की मग चालता चालता एक-एक मिनिट धावायला लागा, कुणी मान वळवत नाही. दिशा निवडताना बसस्टँड आणि चहाची टपरी पाठीमागे राहील असं पाहा, पहिले दोन आठवडे तरी. तीन जणी असाल तर सगळ्यात बरं. दोघींमधली एक आली नाही की दुसरी घरी थांबते, तिघींत दोघी तरी निघतातच. बचत गटाच्या बैठकीत विचारा. सोबतीणीला धावता येत नसेल तरी चालेल, ती सरळ चालत राहते, तुम्ही एक मिनिट पुढे धावायचं आणि वळून तिच्याकडे परत यायचं. अंतर वेगळं, वेळ एकच.

घरी विचारतात तेव्हा "रोज फिरायला जाते" असं मोघम सांगू नका. "आठवड्यातून तीन दिवस, सव्वासहा ते सात, 26 जानेवारीपर्यंत" असं सांगा. आकडा आणि शेवटची तारीख ऐकली की तेवढ्यापुरतं पाणी भरणं किंवा चूल पेटवणं दुसरं कुणी उचलतं.

कपडे: गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि घट्ट लेगिंग्ज. सैल सलवारीचा पायघोळ टाचेखाली येतो आणि तोंडावर पडायला होतं. ओढणी घ्यायचीच असेल तर खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला पक्की गाठ. सहावारीत पाऊल पूर्ण पडत नाही, धावणं होत नाही. नऊवारीच्या कासोट्यात होतं, हे लता करे यांनी बारामतीच्या दौडीत दाखवलं, साठी ओलांडल्यावर नऊवारीत आणि अनवाणी जिंकून. पण अनवाणीची बरोबरी करायला जाऊ नका, नऊ आठवड्यांत तळवा तसा तयार होत नाही. आतून स्पोर्ट्स ब्रा घ्याच, साध्या ब्रावर पाच किमीत पट्टा रुततो आणि दुखायला लागतं. उडी मारून पाहा, हललं नाही पाहिजे. मांड्या घासतात तिथे आणि काखेत खोबरेल किंवा व्हॅसलीन.

बूट: चप्पल आणि सँडल नको, पांढरे कॅनव्हासचे पीटी शूजही नको, त्यांना टाचेत गादी नसते. बाजारात गेल्यावर हे तपासा. बूट दोन्ही हातांत धरून वाकवला तर बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. टाचेची मागची भिंत अंगठ्यानं दाबून आत जाऊ नये. पायात घालून उभं राहिल्यावर लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि धावतानाही फुगतोच. मोजा जाड सुती नको, घामानं ओला होऊन फोड आणतो. नायलॉन-पॉलिस्टरचा पातळ मोजा बरा. बूट दौडीच्या आधी निदान तीन आठवडे वापरलेले असावेत.

पाळीचे दिवस मोजून 26 तारखेच्या आसपास येतात का ते पाहा. आले तरी धावायला हरकत नाही, फक्त सरावात एकदा पॅड लावून 20 मिनिटं धावून पाहा, कुठे घासतं ते त्या दिवशी नको कळायला.

सरकी36

सगळ्यांचे आभार. शाळेपासून नाल्याच्या पुलापर्यंत 2.5 किमी मोजून घेतले, जाऊन-येऊन 54 मिनिटं झाली. हिमोग्लोबिन 11.2 निघालं, गोळ्या चालू केल्या. सिकलसेल नाही. नाव उद्या देते.

आता दौडीच्या दिवसाचं सांगा. मधे चाललं तर बाद करतात का, हे कुणी लिहिलं नाही. आणि शेवटी राहिले तर मागे रस्ता मोकळा करून टाकतात का?

उत्तर : झेंडा_पाणी_केंद्र

चाललं म्हणून बाद करत नाहीत. धावण्याच्या शर्यतीत चालायला मनाई नसते. बाद होतं ते रस्ता कापल्यावर, गाडीवर बसल्यावर किंवा दुसऱ्याच्या नंबरावर धावल्यावर. आपल्याकडच्या दौडी बहुधा जाऊन-येऊन असतात: अडीच किमीवर वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत. वळणावर हातात रबर, फीत किंवा शिक्का देतात, तो पोचल्याचा पुरावा. तो घेतल्याशिवाय वळू नका, गर्दीत पुष्कळ जण विसरतात आणि मग शेवटच्या रेषेवर वाद होतो.

नाव देताना तीन गोष्टी विचारून घ्या. शेवटची रेषा किती वाजेपर्यंत चालू ठेवणार? रुग्णवाहिका सगळ्यात मागे चालणार की एका जागी उभी राहणार? पाणी कुठे-कुठे? हौशी 5 किमीला एक तास देणं ही साधी गोष्ट आहे, आणि तुमची 54 मिनिटं तर नुसत्या चालण्याची आहेत. सरावानंतर त्यातली आठ-दहा कमी होतील. शेवटी कोण येतं, तर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या किलोमीटरात सुसाट सुटलेले आणि दुसऱ्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून उभे राहिलेले. एका चालीनं येणारी बाई अशा दहा-वीस जणांना शेवटच्या दोन किमीत मागे टाकते. म्हणून सुरुवातीला गर्दीच्या मागे आणि कडेला उभ्या राहा. पुढे उभं राहिलं की मागच्या पोरांच्या धक्क्यानं आपोआप पळायला होतं. बंदूक किंवा झेंडा झाला की पहिली चार मिनिटं घड्याळ पाहून सावकाश, आणि चौथं मिनिट संपलं की चालायचंच, दम लागला नसला तरी. दम लागल्यावर चालायला घेतलं तर एका मिनिटात तो भरून येत नाही.

26 जानेवारीला वेळेची एक अडचण हमखास येते. सातची वेळ दिलेली असते, पण ध्वजवंदन, पाहुणे, भाषण यात पाऊण तास सहज जातो. त्यामुळे दोन बाबी बिघडतात. एक, सातच्या हिशेबानं पाचला खाल्लेलं संपून जातं. दोन, अंग गरम करून ठेवलेलं 10-12 अंशांच्या थंडीत गार पडतं. उपाय साधा आहे. घरून निघताना अर्धी भाकर-गूळ किंवा एक केळं आणि पेलाभर पाणी, आणि आणखी एक केळं पिशवीत. पुढे उशीर दिसला तर दौडीच्या अर्धा तास आधी त्यातलं अर्धं खा. जुनं स्वेटर किंवा शाल शेवटपर्यंत अंगावर ठेवा आणि सोबतच्या माणसाकडे द्या. अंग गरम करणं पाहुणे स्टेजवरून उतरल्यावरच सुरू करा, पाच मिनिटं चालणं आणि जागेवर पाय उचलणं पुरतं.

तर्री-पोहे दौडीनंतर. आधी खाल्ले तर पोटात आग आणि बरगडीखाली चमक, दोन्ही मिळतं. चमक आलीच तर थांबू नका, चालायला लागा, त्या जागी हातानं दाबा आणि श्वास तोंडानं लांबवर सोडा. दोन-तीन मिनिटांत जाते. पाच किमीला साखर-मिठाचं पाणी वगैरे लागत नाही, वळणावर दोन घोट साधं पाणी बस्स, तेही चालत प्या. धावत प्यायलं की ठसका लागतो.

छातीचा नंबर चार पिनांनी लावतात, आयोजकांकडे बहुधा दोनच मिळतात. चार पिना घरून न्या. अंतर पाच किमी म्हटलं तरी थोडं कमी-जास्त निघतं, म्हणून किती राहिलं याचा अंदाज पायावरून न घेता घड्याळावरून घ्या. रेषा ओलांडल्यावर लगेच खाली बसू नका. पायातलं रक्त खालीच साचतं आणि चक्कर येते, पाच मिनिटं चालत राहा.

सरकी36

नाव दिलं. गट 35 ते 45. दुसरा आठवडा चालू आहे, 2-2 चे सहा फेरे होतात, वाक्य पूर्ण बोलता येतं. शेजारच्या दोघी सोबत येतात. त्यातली एक 51 वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे, आता तीही नाव द्यायचं म्हणते. तिनं काय करावं?

उत्तर : उपकेंद्र_ताई

तिचं बीपी या आठवड्यात दोन वेगवेगळ्या सकाळी मोजा. 140/90 च्या खाली असेल आणि गोळी रोज घेत असेल तर चालणं आहे तसं चालू द्या. धावायच्या आधी एक ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा, साखरही तपासून घ्या. बीपी त्याच्या वर असेल तर आधी गोळीचा डोस ठरवून घ्यायचा, तो तिनं स्वतः वाढवायचा नाही. दौडीच्या सकाळी गोळी चुकवायची नाही, बऱ्याच जणी वाटेत लघवी लागेल या भीतीनं चुकवतात. डॉक्टर धावू नका म्हणाले तरी तिनं नाव द्यावं. 45 च्या वरचा गट आहे का ते विचारा आणि तिला पूर्ण 5 किमी झपाझप चालायला सांगा. तुमच्याच पहिल्या दिवसासारखं 54-55 मिनिटांत होतं. फक्त वळणावरची फीत घ्यायला तिला आठवण करून द्या, तुम्ही तोवर पुढे गेलेल्या असाल.